मैदानातले प्रश्न : आधी कोण, शेवटी कोण?

वाचकहो, शाळांना सुट्ट्या लागल्या की माझ्या टपालाचा रंग बदलतो. एरवी गुडघेदुखी, पोलीस भरतीची धावणी, पोराला कबड्डीला घालू की क्रिकेटला, असले प्रश्न येतात. सुट्टीत मात्र नातवंडं घरोघर मोबाइलला चिकटतात आणि त्यांच्या मागे मोठी माणसंही. या खेपेला चार पत्रं एकाच विषयावरची निघाली. बाकीच्यांची माफी मागून या अंकात हीच चार घेतो.

प्रश्न : गुरुजी, सादर नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. सुट्टीत नातू आला की आम्ही दोघं जपानचा ‘सासुके’ आणि अमेरिकेचा ‘निंजा वॉरियर’ बघतो. अडथळे पार करत जायचं, पडलं की पाण्यात. माझ्या लक्षात आलं की कच्चे गडी आधी येतात आणि कसलेले सगळे शेवटी. नातू म्हणतो, चिठ्ठ्या टाकून नंबर काढत असतील. मी म्हणतो, चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर एखादा कसलेला गडी कधी तरी तिसऱ्या-चौथ्या नंबराला आला असता. आमची आइस्क्रीमची पैज लागली आहे. आणि हे ठरवून करत असतील तर ही लबाडी नाही का? – एक आजोबा, कराड

उत्तर : आजोबा, आइस्क्रीम वसूल करा. चिठ्ठ्या टाकत नाहीत.

आधी ‘सासुके’चं सांगतो, कारण बाकीचा सगळा गोतावळा त्याच्यापासूनच वाढला. जपानच्या टीबीएस वाहिनीनं १९९७ साली तो पहिल्यांदा दाखवला. सारुतोबी सासुके नावाचा एक निंजा तिकडच्या गोष्टींत आहे, त्याच्यावरून हे नाव. पहिली खेप बंदिस्त सभागृहात झाली. मग योकोहामाजवळच्या मिदोरियामा इथल्या मोकळ्या आवारात मुक्काम पडला. दर खेपेला शंभर माणसं, छातीवर नंबर आणि चार टप्पे. पहिल्या टप्प्यात वेळेची मर्यादा, त्यातून जे उरतील ते दुसऱ्यात, तिथून उरलेले तिसऱ्यात, आणि शेवटी मनोऱ्यावर दोर. डिसेंबर २०२२ मध्ये चाळिसावी खेप झाली तेव्हा छातीवर ३९०१ ते ४००० असे नंबर होते, म्हणजे पहिल्या माणसापासून मोजदाद धरलेली. मला हे फार आवडलं. आपल्याकडे गावच्या सप्त्याचं कितवं वर्ष हे मांडवावर लिहितात, तसलाच हा प्रकार.

हे नंबर कार्यक्रम करणारेच वाटतात. नव्वदीच्या पुढचे नंबर ज्यांनी मागं काही करून दाखवलंय त्यांना, आणि शंभरावा नंबर म्हणजे तर मानाचं पान. अगदी सुरुवातीच्या नंबरांना हौशी, हसवणारे, पहिल्यांदाच आलेले. मधे मधे नट, गायक, इतर खेळांतले पदकवाले, परदेशी पाहुणे पेरलेले असतात, म्हणजे बघणारा कंटाळून उठत नाही.

आणि ते मानकरी तरी कोण? काझुहिको अकियामा हा खेकडे पकडणाऱ्या बोटीवर काम केलेला माणूस. १९९९ साली चारही टप्पे पार करणारा तो पहिला. त्याच्यानंतर २००६ साली माकोतो नागानो, तोही मासेमारी बोटीवरचाच. मग युजी उरुशिहारा, बुटांचा विक्रेता, २०१० आणि २०११ अशी लागोपाठची दोन वर्षं. मग युसुके मोरिमोतो, २०१५ आणि २०२०. म्हणजे २०२० पर्यंतच्या अडतीस खेपांत सहा वेळा शिखर सर झालं आणि ते करणारी माणसं फक्त चार. शिंगो यामामोतो नावाचा पेट्रोल पंपावर काम करणारा गडी पहिल्या खेपेपासून येतोय. एकदाही पूर्ण जमलं नाही, तरी येतोय. आता अशा माणसाला तुम्ही तिसऱ्या नंबरावर पाठवाल? त्याच्यासाठी लोक रात्री जागतात.

कराडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको खरं तर. जत्रेतल्या कुस्त्यांचा फड आठवा. दुपारी तीन वाजता कोण उतरतं? चड्डीतली पोरं, रेवड्यांवर. मग नारळावर. मग पाचशे-हजाराच्या. दिवस कलायला लागला, लोकांनी झाडं-भिंती गाठल्या, हलगी तापली, की मोठ्या इनामाची शेवटची जोड. ती जोड कुणी चिठ्ठी टाकून काढत नाही. पंच कमिटी आठ दिवस आधी ठरवते आणि पत्रिकेवर फोटोसकट छापते. म्हणून कुणी फडावर लबाडीचा आळ घेत नाही. ‘सासुके’ हा तसाच फड आहे, फक्त मातीच्या जागी पाणी.

क्रमामागं अजून एक युक्ती आहे, ती मास्तर म्हणून मला दिसते. बघणाऱ्याला अडथळा किती अवघड आहे हे ठाऊक नसतं. लोंबणाऱ्या गोळ्यावर उडी मारायची, दिसायला सोपं. पहिले दहा जण त्यावरून सटासट पाण्यात गेले की घरी बसलेल्याचा हात आपोआप सोफ्याला घट्ट धरतो. म्हणजे आधीची माणसं पडून बघणाऱ्यांची शिकवणी घेतात. कसलेला गडी येईपर्यंत तुम्ही-आम्ही तज्ज्ञ झालेलो असतो. “अरे, डावा पाय आधी टाक!” असं तुमचा नातू ओरडतो की नाही?

आता तुमचा दुसरा मुद्दा, लबाडीचा. इथं एक फरक नीट धरा. ‘सासुके’त गडी एकमेकांशी लढत नाहीत. लढाई घड्याळाशी आणि पाण्याशी. शंभरपैकी शंभर जणांनी पहिला टप्पा वेळेत पार केला तर शंभरच्या शंभर पुढे जातील, आणि सगळे बुडाले तर खेळ तिथंच संपेल. तुमच्या नंबरामुळे माझी जागा जात नाही. जोवर असं आहे, तोवर नंबर कुणी का वाटेना, मला त्यात लबाडी दिसत नाही. जागा मोजक्या झाल्या, किंवा बक्षीस एकच असलं, की मात्र गोष्ट बदलते. ते पुण्याच्या मुलीच्या प्रश्नात घेतो.

अमेरिकेच्या कार्यक्रमाबद्दल एक सावधगिरी. तिथं तुम्ही पडद्यावर बघता तो क्रम आणि मैदानावर झाला तो क्रम एकच असेल असं धरू नका. चित्रीकरण सूर्य मावळल्यावर सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं. त्या अख्ख्या रात्रीचे जाहिरातींसकट दोन तास उरतात. काहींची धाव पूर्ण दाखवतात, काहींची चार सेकंदांत उरकतात, काही दिसतच नाहीत. जपानमध्येही शंभरच्या शंभर जण पूर्ण दाखवत नाहीत. तेव्हा कच्चे आधी आणि कसलेले नंतर हे जे तुम्हाला दिसलं, त्यात थोडं काम नंबर वाटणाऱ्याचं आणि थोडं कात्री चालवणाऱ्याचं. नातवाला एवढं सांगा आणि आइस्क्रीम अर्धं-अर्धं करा.

प्रश्न : लहानपणी पोगोवर ‘ताकेशीज कॅसल’ बघायचो. त्यात नंबर कसे ठरायचे? – नाशिक

उत्तर : तिथं नंबराची चिंता कुणाला होती! सुरुवातीला शंभरावर माणसं एका आरोळीसरशी एकदम भिंतीवर तुटून पडायची. पुढच्या खेळांत एकेक जण जायचा खरा, पण कोण कितवा हे कुणाच्या लक्षात राहिलंय? हा कार्यक्रमही टीबीएसचाच, मूळचा १९८६ ते १९९० मधला. किल्ल्याचा राजा बनलेला ताकेशी कितानो पुढे नावाजलेला चित्रपट दिग्दर्शक झाला. आपल्याकडे तो पोचला तेव्हा तिकडे बंद होऊन जमाना झाला होता, आणि तुम्हाला आठवतो तो निम्मा खेळ जावेद जाफरीच्या हिंदी बडबडीचा आहे. चिखलात पडण्याचा क्रम लावत बसलं तर मजा जाईल.

प्रश्न : सर, मी अठरा वर्षांची आहे आणि स्पोर्ट क्लायंबिंग करते. आमच्या स्पर्धेत आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्यांची चढाई बघू देत नाहीत, वेगळ्या खोलीत बसवतात. निंजाच्या कार्यक्रमात मात्र सगळे बाजूला उभे राहून बघतात, वर ओरडून सांगतातही. मग शेवटी जाणारा फुकटचा फायदा घेत नाही का? – पुणे

उत्तर : घेतो, बाई. आणि हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही, एका हमालानं शिकवलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सांगली जिल्ह्यात एका हायस्कुलात पीटीचा मास्तर होतो. तालुक्याच्या स्पर्धेत अडथळ्यांची शर्यत माझ्याकडे होती. जागा थोडी, सामान एकाच कोर्सपुरतं, म्हणून एकेकाला सोडायचं आणि घड्याळ लावायचं असं ठरवलं. आधी जमिनीत निम्मे पुरलेले टायर, मग ताडपत्रीचा बोगदा, मग पाण्याचा खड्डा दोराला लोंबकळून पार करायचा, आणि शेवटी वाळूच्या पोत्यांची भिंत. क्रम कसा लावला? ज्या शाळेचे अर्ज आधी आले, त्यांची पोरं आधी. मला त्यात काही गैर वाटलं नाही. कागद आला तसा नंबर टाकला.

तिसऱ्या नंबराला जो पोरगा होता, तो त्या तालुक्यातला सगळ्यात चपळ, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. टायरांतून हरणासारखा गेला. दोराशी आला, समोर हाताला येईल तिथं दोर पकडला आणि सुटला. दोर खाली पकडल्यामुळे पाय पाण्यात लागले, झोका मेला, आणि गडी खड्ड्याच्या मधोमध. तिथून चिखल तुडवत बाहेर आला. पुढचं सगळं त्यानं वेगात केलं, पण जे जायचं ते गेलं होतं. बाकीची पोरं कडेला बसून हे बघत होती. सातव्या-आठव्या पोरानं दोर डोक्याच्या वर पकडला, तीन पावलं मागं आला आणि पाय पोटाशी घेऊन झोका घेतला. कोरडा पलीकडे. त्यानंतर एकही पोरगा पाण्यात पडला नाही. शेवटी सव्विसाव्या नंबरचा पहिला आला, त्या तिसऱ्यापेक्षा अर्ध्या सेकंदानं.

बक्षीस समारंभ झाल्यावर त्या पोराचा बाप माझ्याकडे आला. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा माणूस. भांडायला आलेला नव्हता. म्हणाला, “गुरुजी, समद्यांनी माज्या पोराचं बघून घेतलं. माज्या पोरानं कुणाचं बघायचं हुतं?”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

हाच प्रश्न २०१५ साली अमेरिकेत दहा लाख डॉलरचा झाला. ‘अमेरिकन निंजा वॉरियर’ तिकडे २००९ पासून चालू आहे, पण त्या वर्षापर्यंत चारही टप्पे कुणी पार केले नव्हते. २०१५ च्या अंतिम फेरीत, लास व्हेगासला, दोघे जण तिसरा टप्पा पार करून चौथ्यात पोचले. चौथा टप्पा म्हणजे ७५ फूट दोर, ३० सेकंदांत चढायचा. आधी जेफ ब्रिटन गेला. हा धंद्यानं कॅमेरामन, खेळांचं चित्रीकरण करणारा. तो २९.६५ सेकंदांत वर पोचला. इतिहासातला पहिला अमेरिकन विजेता! आरडाओरडा, मिठ्या, बायको रडतेय. मग त्याच्यामागून आयझॅक कॅल्डिएरो दोराखाली उभा राहिला. हा प्रस्तरारोहण करणारा, पोटापाण्यासाठी हॉटेलात टेबलं साफ करणारा. तो २६.१४ सेकंदांत वर पोचला. बक्षीस एकच होतं. दहा लाख डॉलर कॅल्डिएरोला गेले आणि पहिल्यांदा शिखर गाठणाऱ्या ब्रिटनच्या हाताला काही लागलं नाही.

साडेतीन सेकंद म्हणजे दोरावर फार मोठं अंतर. तेव्हा कॅल्डिएरोला ते फुकट मिळालं असं मी म्हणणार नाही, आणि तुझ्यासारख्या चढणाऱ्या मुलीला तर ते पटणारही नाही. पण दोघांच्या डोक्यात त्या क्षणी काय होतं बघ. ब्रिटनला एकच आकडा माहीत होता, ३०. त्याच्या आत वर जायचं, हात सुटू द्यायचा नाही, घाई करून पाय निसटू द्यायचा नाही. कॅल्डिएरोला दोन आकडे माहीत होते, आणि ३० चा काही उपयोग नाही हेही माहीत होतं. जिवाच्या आकांतानं चढण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. ब्रिटनला कुणी आधी सांगितलं असतं की तुझ्यामागून येणारा २६ मध्ये जाणार आहे, तर तोही वेगळा चढला असता. जमलं असतं की नाही, देव जाणे. पण वेगळा चढला असता.

म्हणून माझं मत विचारशील तर असं : घड्याळाशी एकट्यानं खेळायचं असेल तर क्रम कसाही लावा. दोघांतून एक निवडायचा असेल, तर मागून जाणाऱ्याला पुढच्याचा आकडा कळता कामा नये, नाही तर दोघांना शेजारी-शेजारी दोन दोरांवर एकाच शिट्टीला सोडा. तिसरा मार्ग मला दिसत नाही.

तुमच्या खेळानं यावर तोडगा काढलाय तो कडक आहे. इतर वाचकांसाठी सांगतो. चढाईच्या मोठ्या स्पर्धांत लीड प्रकारात, म्हणजे कमरेला दोर बांधून भिंतीवर जमेल तितकं उंच चढायच्या प्रकारात, सगळ्यांना एकत्र आणून सहा मिनिटं भिंत दाखवतात. खालून बघा, हातवारे करून पाठ करा, आपसात कुजबुज करा. मग परत बंद खोलीत. आपला नंबर आला की एकट्यानं बाहेर यायचं आणि प्रेक्षकांच्या आवाजावरून काय अंदाज बांधायचा तो बांधायचा. अंतिम फेरीत उपांत्य फेरीतला पहिला सर्वांत शेवटी जातो, म्हणजे चुरस टिकते, पण त्या शेवटच्यालाही भिंतीचं गुपित कुणी फोडलेलं नसतं. त्या हमालानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर ते असं. निंजावाल्यांना हे जमणार नाही, कारण त्यांचा निम्मा तमाशा कडेला उभ्या असलेल्या दोस्तांचाच असतो. कॅमेरा गड्यावर कमी आणि ओरडणाऱ्या आईवर जास्त. कोर्सवर आधी हात फिरवू देत नाहीत, सराव नाही, एवढं पथ्य मात्र ते पाळतात.

शेवटी जाण्यात तोटेही आहेत, तेही ऐक. रात्रभराचं चित्रीकरण, उघड्यावर. तू संध्याकाळी अंग तापवून बसलीस आणि पाळी पहाटे आली तर? अंग आखडतं, पोट रिकामं, डोळे जड. लोखंडी दांड्यावर दव. आधीच्या पन्नास जणांच्या हाताचा घाम. अमेरिकेत काही वर्षं तर आणखी एक गंमत होती. ज्यांची अर्जातून निवड झाली नाही, ते मैदानाबाहेर रांग लावायचे, तंबू ठोकून, कित्येक दिवस. आपल्याकडे बालवाडीच्या प्रवेशासाठी आईबाप पहाटे चारला शाळेच्या फाटकाशी पिशव्या ठेवून बसतात ना, तसं. सगळ्यांचं झाल्यावर रात्र उरली तर या रांगेतल्यांना रांगेच्या क्रमानं सोडायचं. त्यांना शेवटचा नंबर मिळायचा खरा, पण तो मानाचा नव्हे.

आता मला स्वतःला सगळ्यात सरळ वाटणारी पद्धत सांगतो. ब्रिटनमध्ये ‘ग्लॅडिएटर्स’ नावाचा कार्यक्रम १९९२ साली सुरू झाला, मधे बंद पडला, आणि २०२४ मध्ये बीबीसीनं पुन्हा उभा केला. त्यात दिवसभर निरनिराळ्या लढतींतून गुण जमवायचे आणि शेवटी ‘एलिमिनेटर’ नावाचा अडथळ्यांचा कोर्स. जाळी, दोर, तोल सांभाळायची तुळई, आणि शेवटी उलटा फिरणारा चढाचा पट्टा, ज्यावर भली भली माणसं घसरगुंडी करत खाली येतात. यात ज्याचे गुण जास्त, तो आधी सुटतो, आणि दर गुणामागं अर्धा सेकंद आधी. तू माझ्यापेक्षा चौदा गुणांनी पुढे असशील तर सात सेकंद मी रेषेवर उभा राहून तुझी पाठ बघायची. मग जो आधी पलीकडे, तो जिंकला. कागदावर बेरीज नाही, फेरमोजणी नाही. खेळ बघणाऱ्या पाच वर्षांच्या पोरालाही कोण पुढे आहे ते डोळ्यांनी दिसतं. आधी सुटायचा मान कमवावा लागतो आणि शेवटी सुटणाऱ्याला पाठलागाची ईर्षा मिळते.

ऑलिंपिकमधल्या मॉडर्न पेंटॅथलॉनची, म्हणजे पाच खेळ मिळून होणाऱ्या स्पर्धेची, शेवटची धाव अशीच असते. तिथं एका गुणाला एक सेकंद. आणि याच खेळाचा उल्लेख करायला आणखी एक कारण आहे. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीची अनिका श्लॉय तलवारबाजी आणि पोहण्यानंतर पहिली होती. घोडेस्वारीसाठी या खेळात स्वतःचा घोडा नेता येत नसे. चिठ्ठी निघेल तो घोडा, आणि ओळख करून घ्यायला मिनिटं वीस. तिच्या चिठ्ठीत सेंट बॉय नावाचा घोडा निघाला. त्याच घोड्यानं तिच्या आधीच्या स्वारापुढेही अडथळ्यावरून जायला नकार दिला होता. तिच्यापुढेही तो अडून बसला. ती रडतेय, चाबूक मारतेय, घोडा हलत नाही, असं दृश्य जगानं पाहिलं. प्रशिक्षक बाईंनी घोड्याला बुक्की मारली म्हणून त्यांना बाहेर काढलं. पहिल्या नंबराची मुलगी शेवटी एकतिसावी.

त्यानंतर या खेळातून घोडाच गेला. त्याच्या जागी काय आलं सांग? अडथळ्यांचा कोर्स, ‘सासुके’च्या घराण्यातला. २०२२ साली अंकारात पहिली चाचणी झाली, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा दिसेल. कोर्स जेमतेम सत्तर मीटरचा, अडथळे आठ, शेवटी वळलेली उंच भिंत आणि खेळाडू एकमेकांशेजारी धावणारे. टीव्हीवरच्या फडातून निघालेला खेळ ऑलिंपिकला पोचला, हे मला तरी नवलाचं वाटतं. तू चढणारी आहेस, हाताला पकड आहे. धावणं, पोहणं, तलवार आणि नेम शिकायची तयारी असेल तर विचार कर. आईबाबांना माझं नाव सांगू नकोस.

प्रश्न : सर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. क्रीडा सप्ताहात अडथळ्यांची शर्यत घेतो. मुलं साठ, कोर्स एक, घड्याळ एक. दर वर्षी कुणाचे तरी पालक म्हणतात, आमच्या पोराला मुद्दाम आधी पाठवलं. क्रम कसा लावू? – लातूर जिल्हा

उत्तर : वर तो हमालाचा किस्सा वाचलात ना, तेवढ्यावरून तुमचं निम्मं काम झालं.

पहिलं म्हणजे हजेरीपट घेऊ नका. आम्ही सगळे आळसानं तेच करतो, आणि मग ‘अ’ आडनावाची पोरं दहा वर्षं दर स्पर्धेत पहिली जातात. बिचारा आवटे पहिलीपासून दहावीपर्यंत गिनिपिग. चिठ्ठ्या टाका, पण मुलांसमोर, आणि चिठ्ठ्या मुलांनाच काढू द्या. चिठ्ठीवर बाप रागावत नाही. हा शंभर वर्षांचा अनुभव आहे, माझा नव्हे, बैलगाड्यांच्या शर्यतीतला. गाडी कुठल्या गटात पळणार हे चिठ्ठीनं निघतं आणि बैलावर लाखभर खर्च केलेला माणूसही ते निमूट मान्य करतो.

वेळ असेल तर दोन फेऱ्या घ्या आणि दुसरीत क्रम पूर्ण उलटा करा. पहिला गेलेला शेवटी, शेवटचा पहिला. दोन्ही वेळांची बेरीज धरा. दोघांतली चांगली वेळ धरायची नाही, बेरीजच, म्हणजे दोन्ही खेपा मुलगा मन लावून धावेल. साठ मुलांना दोन फेऱ्या झेपत नसतील तर वर्गावार आधी चाळणी लावून बारा-पंधरा निवडा.

पण सगळ्यात आधी एक करा. स्पर्धेत नसलेल्या एखाद्या मोठ्या मुलाला, नववी-दहावीतल्या, सगळ्यांसमोर अख्खा कोर्स एकदा सावकाश करून दाखवायला सांगा. दोर कुठं पकडायचा, बोगद्यात खांदा कसा आत घालायचा, सगळं. टीव्हीवाल्यांकडेही स्पर्धेआधी कोर्स तपासून बघणारी माणसं असतात. मग तुमच्याकडे पहिल्या नंबराला निघालेल्या पोरालाही कुणाचं तरी बघायला मिळालेलं असेल. मी त्या वर्षानंतर निवृत्त होईपर्यंत हे चुकवलं नाही.

दर दहा मुलांनंतर शिट्टी मारून थांबा. फक्की पुन्हा टाका, ताडपत्री झटका, दोराची गाठ ओढून बघा, भिंतीची घसरलेली पोती सरळ करा. विसावं पोरगं ज्या भिंतीवर चढतं ती पहिल्याच्या भिंतीपेक्षा एका पोत्यानं बुटकी झालेली असते, हे मी टेप लावून मोजलेलं आहे. घड्याळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाच्या हातात ठेवा. मधे चहाला जायचं असेल तर स्पर्धा थांबवून जा.

आणि चिठ्ठ्या सगळ्या एकाच वहीच्या पानाच्या करा, घडी सारखी घाला. आमच्याकडे एका वर्षी कागद संपला म्हणून शेवटच्या काही चिठ्ठ्या लग्नपत्रिकेच्या जाड पाकिटाच्या केल्या होत्या. नंबर क्रमानं लिहीत गेल्यामुळे त्या सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या निघाल्या. तिसऱ्या पोरापर्यंत अख्ख्या रांगेला ते कळलं होतं. टोपीत हात घातला की प्रत्येक जण दोन-दोन मिनिटं चाचपत बसायचा, आणि मला वाटत होतं पोरं देवाचं नाव घेतायत.